चाकावरचा अंगठा

सलाईनच्या नळीवर एक छोटं पांढरं चाक असतं. ते तुम्ही शेवटचं कधी फिरवलंत?

"मी नाही फिरवत" असं लगेच म्हणू नका. हे चाक कधीच न फिरवलेला माणूस मला आमच्या भागात अजून भेटायचा आहे. हळद काढायच्या दिवसांत बायांच्या अंगातलं त्राण संपतं. मग त्या तालुक्याला जाऊन ताकदीची बाटली लावून घेतात. बाटली लावणारा माणूस दुसऱ्या पेशंटकडे वळला की बाईचा अंगठा चाकावर जातो. थेंबांची धार होते, बाटली रिकामी होते आणि बाई दुपारच्या आत परत शेतात दिसते. माझी आईसुद्धा हेच करत आली. मी दहा वर्षांची असताना तिच्या खाटेजवळ बसले होते, तेव्हा तिनंच मला शिकवलं, "वर ढकललं की पळतंय, खाली वढलं की थांबतंय. बस, एवढंच."

त्या एवढ्याशा शिकवणीनं मी माझ्या बापाचा जीव घेणार होते.

आमचं गाव डोंगरकड्याच्या अलीकडे आहे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. बाबांकडे दीड एकर जमीन आहे, आणि पत्रकं काढायची खोड आहे. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, पत्रक. शाळेत मास्तर येत नाही, पत्रक. गुलाबी आणि पिवळ्या कागदावर छापलेले गठ्ठे आमच्या घरात माळ्यावर पडलेले असत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. माझ्या वह्यांना कव्हरंही त्यांचीच असायची. बाबांच्या प्रत्येक पत्रकाची शेवटची ओळ एकच असे : "गप्प बसू नका, प्रश्न विचारा." मी विहारात उभी राहून ती ओळ मोठ्यानं वाचायची आणि जमलेली माणसं टाळ्या वाजवायची. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. माझी भाषा बाबांपेक्षा तिखट होती, आणि मला तिचा माज होता.

दोन वर्षांपूर्वी बाबा मोटारसायकलवरून पडले. डोक्याला मार लागला. जखम भरली, पण झटके मागे राहिले. तोंड वाकडं व्हायचं, हातपाय उडायचे, डोळे वर जायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सकाळी एक आणि रात्री एक. गोळ्या सुरू झाल्यावर झटके बंद पडले आणि आम्ही ते विसरूनही गेलो.

यंदा मार्चमध्ये बाबा हळद शिजवायला जाऊ लागले. कुकर म्हणजे वाफेची मोठी टाकी, तिला जोडलेले ड्रम, खाली जळणारी लाकडं. पहाटेपासून काम चालतं आणि डुलकी लागली तर माणूस भाजतो. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शेतातून आरडाओरडा ऐकू आला. मी पळत गेले. बाबा शिजलेल्या हळदीच्या ढिगाऱ्याशेजारी पडले होते आणि त्यांचं सगळं अंग झटके देत होतं. कुणीतरी नाकाला चप्पल लावली होती, ती मी काढून फेकली. त्यांना कुशीवर वळवलं. एवढं मला माहीत होतं. पण झटका थांबेना. थोडा सैल पडायचा आणि परत यायचा. मधे शुद्ध नव्हती.

टेम्पोत टाकून आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं. त्या रस्त्याचं मला काही आठवत नाही. फक्त बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दात एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता, एवढंच आठवतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते आणि एक सिस्टर. सिस्टर चाळिशीच्या असतील. बोलण्यावरून सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या वाटत होत्या. शिरेत सुई गेली, डॉक्टरांनी एक छोटं इंजेक्शन दिलं आणि झटका थांबला. आई भिंतीला टेकून खाली बसली. दहा मिनिटांत झटका परत आला.

"फेनिटॉइन लावा," डॉक्टर म्हणाले. "डोस वजनावर काढा."

सिस्टरनी बाबांचा चेहरा पाहिला, हात पाहिले, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या.

"यायला कावीळ हाय का?"

"काहून?" आई घाबरली.

"आंग पिवळं दिसून राहिलं. लिव्हरची तकलीफ असंल तर हे औषध जपून द्यावं लागतं."

"हळद हाय ती, बाई! हळदीत पडले ते."

सिस्टरनी ओल्या कापसानं बाबांचं मनगट पुसलं. कापूस पिवळा झाला. त्या एवढ्या गडबडीतही त्यांच्या ओठांवर बारीकसं हसू आलं. "बरं झालं बाई. हळदच निघाली." मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. वजन किती? हृदयाचा आजार? दुसरी कुठली गोळी? झटक्याची गोळी शेवटची कधी घेतली?

"रोज घेतेत," आई म्हणाली.

माझं डोकं तापत होतं. समोर माणूस तडफडतोय आणि या बाईचे प्रश्न संपत नाहीत. तोवर आईनं दुसरंच काढलं. "सिस्टर, ताकदीच्या बाटलीत टाका ना औषध. सकाळधरनं पोटात काई न्हाई त्यायच्या."

"ह्या औषधाला ग्लुकोज चालत न्हाई, मावशी. त्यात टाकलं की दूध नासल्यावानी होतं, बारीक खडे होतात. सादं सलाईनच लागतं."

त्यांनी साध्या सलाईनची लहान बाटली घेतली, त्यात औषध भरलं आणि ती उजेडासमोर धरून नीट बघितली. बाबांच्या कोपराजवळची जाड शीर निवडली. आधी थोडं नुसतं पाणी सोडून सुई शिरेतच आहे याची खात्री केली. छातीवर तीन चिकटपट्ट्या लावून त्यांच्या वायरी मशीनला जोडल्या, दुसऱ्या दंडावर बीपीचा पट्टा गुंडाळला. मग चाक किंचित उघडलं आणि घड्याळाकडे पाहत थेंब मोजायला लागल्या.

टप. टप. टप.

"काहून इतकं हळू?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "झटका चालू हाय अन् तुमी थेंब थेंब सोडून राहिले?"

"ताई, हे पाऊण तासात जायला पाहिजे, त्याच्या आधी न्हाई. भसकन गेलं तर बीपी पडतो, नाडी मंद होती. हे औषध डोक्याला शांत करतं, पण घाई केली तर काळजालाबी शांत करतं."

उत्तर सोपं होतं. कुणालाही कळावं असं. मला ते ऐकूच गेलं नाही. माझ्या डोक्यात वीस वर्षांची पत्रकं वाजत होती. दवाखान्यात आम्हाला बाहेर बसवलेलं, केसपेपरवर आडनाव वाचून बदललेला चेहरा, लांबून टाकलेली गोळी. हे सगळं माझ्या घरात घडलेलं आहे. मी म्हणाले, "आमच्याच माणसाला थांबवून ठेवतेत सगळे. पाटलाचा बाप असता तर धार लावली असती तुमी."

सिस्टरनी थेंबांवरून नजर काढली नाही. "पाटलाच्या बापाला धार लावली असती तर तो मेला असता," त्या म्हणाल्या.

झटका हळूहळू उतरत होता. पाय थांबले, मग डावा हात. उजव्या हाताची बोटं तेवढी उडत होती. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून ओरडा आला. सर्पदंशाचा माणूस आणला होता. डॉक्टर तिकडे पळाले आणि आतून सिस्टरना हाक आली. दोन सिस्टर असायला हव्या होत्या त्या वेळेला एकच होती. दुसरी जागा कधीपासून रिकामी आहे, हा प्रश्न मी पुढे विचारला आणि अजून विचारते आहे. पण त्या दुपारी त्या बाईला दोन ठिकाणी उभं राहायचं होतं.

"मी दोन मिनटात आले," त्या मला म्हणाल्या. "चाकाला हात लावू नका. सुईपाशी सूज आली, हात परत उडला, काईबी झालं तर मला नुसती हाक मारा. मी हितंच हाये."

त्या गेल्या. मशीनचा आवाज येत होता, टुक, टुक, टुक. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

बाबांची बोटं थांबत नव्हती. मग मनगट उडालं.

आई माझ्या कानाशी आली. "परत येऊन राहिलं गं पोरी. जरासं वाढव ना."

मला वाटतं, मी विचार केला असता तरी तेच केलं असतं. अंगठ्याला सवय होती. मी उठले आणि चाक वर ढकललं. थेंब दिसेनासे झाले, धार लागली. हाक मारायला सांगितलं होतं आणि दार चार पावलांवर होतं. मी हाक मारली नाही. मला बापाला वाचवायचं होतं, माझ्या हातानं.

बोटं थांबली.

"बघ," आई म्हणाली, "शांत झाले."

खरंच शांत झाले होते. कपाळावर घाम होता. मी तो हातातल्या फडक्यानं पुसला तर तो गार लागला. मशीनचा आवाज आता लांब लांब अंतरानं येत होता. टुक. मग बराच वेळ काही नाही. मग टुक. मला वाटलं, झोप लागली की असंच होत असेल. त्या दोन आवाजांमधली जागा मी अजून ऐकते. भांडी घासताना नळ गळत असला तरी ऐकू येते.

मग मशीन किंचाळलं.

आता जे सांगणार आहे ते सांगायची मला अजून लाज वाटते. मशीन वाजताच मी पहिली गोष्ट केली ती ही : चाक खाली ओढून होतं तसं केलं. टप, टप. कुणी पाहिलं नाही. दारात सिस्टर आल्या तेव्हा माझे हात माझ्या मांडीवर होते.

सिस्टरनी आल्या आल्या चाक पूर्ण बंद केलं. नाडीवर बोटं ठेवली. "सर!" अशी हाक मारली की अख्खा वॉर्ड उठून बसला. बीपीचा आकडा त्यांनी मोठ्यानं सांगितला आणि डॉक्टर पळत आले. खाटेची पायाकडची बाजू उचलून खाली विटा सरकवल्या. औषधाची नळी काढून नुसतं सलाईन जोडलं. डॉक्टरांनी दुसरं एक इंजेक्शन शिरेत सोडलं. बाबांचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. अंगावरची हळद आणि ते ओठ.

"किती स्पीडनं चालू होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बराबर लावलं होतं, सर. मी मोजून लावलं होतं." सिस्टरनी बाटलीकडे पाहिलं. बाटलीच्या तळाशी बोटभर पाणी उरलं होतं. त्यांचा चेहरा पडला. "एवढं कसं गेलं? चाक तर तसंच होतं."

तोवर माझे काका आले होते, बाबांचे चुलतभाऊ. त्यांच्यामागे गावातली चार माणसं. काकांना कारण लागत नाही, आवाज लागतो. "व्हय, कसं गेलं? तुमी सांगा! माणूस हात उडवत आला, बोलून राहिला असता आतापस्तोर. सुई लावली अन् नाडी बंद! आमी काय मुकी जनावरं हाव का?" मग माझ्याकडे वळून, "अन् तू काय बसून राहिली? लिहिती ना मोठी! काढ कागद. उद्या सकाळी तालुक्यात पत्रक वाटू, ह्या बाईचं नाव घालून."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग सिस्टरकडे. त्यांनी बाबांच्या मनगटावरची बोटं काढली नव्हती. ओठ हलत होते, नाडी मोजत होत्या. त्या माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या, आणि तरी मोजत होत्या.

मी गप्प बसले. ज्या मुलीनं गप्प बसू नका म्हणून वाचून टाळ्या घेतल्या होत्या, ती गप्प बसली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग डॉक्टर मशीनच्या पट्टीवर वाकून म्हणाले, "औषध मोजून हळू चाललं होतं तर नाडी एवढी पडायचं कारण काय? मग हे हार्टचंच असेल. इथं ठेवून उपयोग नाही. नांदेडला हलवू. ॲम्ब्युलन्स बोलवा."

तेव्हा मला कळलं. माझ्या गप्प बसण्यामुळे डॉक्टर चुकीच्या आजाराच्या मागे लागले होते. बीपी पडलेल्या माणसाला गाडीत घालून रस्त्यानं हलवणार होते. वाटेत बाबा गेले असते, कारण कुणालाच कळलं नसतं, आणि सिस्टरच्या नावाचं पत्रक मी लिहिलं असतं.

"मी केलं," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले. "चाक मी उघडलं होतं. पूर्ण. मशीन वाजल्यावर परत बंद केलं."

काका म्हणाले, "घाबरलीये ती. काईबी बोलून राहिली."

"गप बसा," डॉक्टर त्यांना म्हणाले. मला विचारलं, "किती वेळ उघडं होतं?"

"तीन मिनिटं. चार असतील."

आई रडायला लागली. "मीच म्हणलं तिला वाढव. मी म्हणलं."

डॉक्टर सिस्टरना म्हणाले, "मग आत्ता हलवायचं नाही. औषध बंद, नुसतं सलाईन, दर पाच मिनिटांनी बीपी, ईसीजी परत काढा." आणि सिस्टरनी डोळे मिटून एक श्वास सोडला, बाबांच्या खाटेच्या कडेला धरून.

पुढचा तासभर मी भिंतीला लागून उभी होते आणि मशीनच्या दोन आवाजांमधलं अंतर मोजत होते. कधी एक, दोन, तीन. कधी एक, दोन. मग एक. मला प्रार्थना करायची सवय नाही. मी आकडे म्हणत राहिले. काका बाहेर जाऊन तंबाखू मळत बसले. जाताना म्हणाले, "शिकलेल्या पोरी. निस्ती जीभ." मला त्यांचा रागही आला नाही.

ऊन कलायच्या वेळेला बीपी जागेवर आला. उरलेल्या औषधाची डॉक्टरांनी घाई केली नाही. ईसीजी ठीक आल्यावर, आणखी बराच वेळ थांबून, आधीच्या निम्म्या वेगानं ते सोडलं. या वेळी सिस्टर शेजारी स्टूल टाकून बसल्या. मला म्हणाल्या, "या, बसा हिकडं. थेंब मोजा माझ्याबराबर."

"मी?"

"तुमीच. हाताला काम दिलं की हात दुसरीकडं जात न्हाई."

आम्ही दोघींनी मोजले. मधेच मी म्हणाले, "त्या पाटलाच्या बापाचं... मी उगाच..."

"उगाच कशाला? हे जे तुमी म्हणलं ते होतंच की दवाखान्यात. मी काय बघितलं न्हाई का? आज तसं नव्हतं एवढंच." मग घड्याळाकडे पाहून, "अठरा. मोजून राहिले का बोलून राहिले?"

संध्याकाळी बाबांनी डोळे उघडले. जीभ जड होती, दारू प्यायल्यासारखं बोलत होते. पहिला प्रश्न, "कुकर कुणी विझवला?" आई हसली आणि त्याच हसण्यात रडली. मग तिनं त्यांना विचारलं की गोळी रोज घेत होते ना. बाबांनी कबूल केलं. चार दिवसांपासून घेतली नव्हती. गोळीनं गुंगी येते आणि कुकरपाशी डुलकी परवडत नाही, म्हणून. गोळ्या त्यांच्या कोपरीच्या खिशात होत्या. हळदीनं पाकीट पिवळं झालेलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. चाक परत फिरवल्याचंही.

"तू तिला इचारलं होतं का, हळू काहून म्हणून?"

"इचारलं होतं."

"तिनं सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

बाबांनी कूस बदलली. "माझ्या पत्रकात एक ओळ कमी पडली म्हणायची," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

घरी आल्यावर मी पत्रक लिहिलं. काकांना हवं होतं ते नव्हे, चाकाला हात लावू नका असं सांगणारं. कच्चा कागद घेऊन सिस्टरकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि माझी तीन जळजळीत वाक्यं खोडली. "हे कोण वाचंल? माझ्या बाया न्हाई वाचणार. मोठ्या अक्षरात लिहा, कमी लिहा." दुसऱ्या सिस्टरच्या रिकाम्या जागेबद्दलचं वाक्य मात्र त्यांनी ठेवलं. खाली पेन्सिलनं रेघ मारली.

बाबा आता गोळ्या घेतात. गुंगीचं डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी वेळ बदलून दिली. इतकं सोपं होतं ते. मी मात्र अजून बाटलीखाली बसले की दोन्ही हात मांडीखाली दाबून धरते.

तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या घरात झटक्याची गोळी घेणारं कुणी असेल तर आत्ता उठा आणि त्यांना विचारा, आज गोळी घेतली का. घेतली नसेल तर का नाही ते विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. दवाखान्यात कुणी शेवटची गोळी कधी घेतली असं विचारलं तर अंदाजानं सांगू नका, पाकीटच दाखवा. बाटली लागली की थेंब कितीही हळू वाटोत, चाकाला हात लावू नका. हळू का, ते विचारा. हात उडाला, सूज आली, घाम फुटला तर हाक मारा. आणि कधी हात लागलाच, तर त्याच क्षणी सांगा, कुणासमोरही, कितीही लाज वाटली तरी. मला जितका वेळ लागला तितका लावू नका.

तुमच्या ओळखीत चाक फिरवायची सवय असलेली एक बाई नक्की आहे. तिला वाचता येत नसेल तर हे आजच तिच्याशेजारी बसून मोठ्यानं वाचून दाखवा.